१२३४५६७८९८७६५४३२१: नऊ एकांचा वर्ग आणि हातच्याचा हिशेब

प्रश्न थोडक्यात असा आहे: १२३४५६७८९८७६५४३२१ ही सतरा अंकी संख्या मूळ आहे का, नसेल तर तिचे अवयव कोणते, तिच्याबद्दल सांगितले जाणारे 'चमत्कार' कितपत खरे, आणि एक्सेलमध्ये टाइप केली की तिचे शेवटचे अंक का बदलतात?

आधी उत्तर, मग कारणं. ही संख्या मूळ नाही. ती १११११११११ चा, म्हणजे नऊ वेळा १ लिहून होणाऱ्या संख्येचा, पूर्ण वर्ग आहे. तिचे मूळ अवयव असे (^ म्हणजे घात):

१२३४५६७८९८७६५४३२१ = ३^४ × ३७^२ × ३३३६६७^२

चमत्कार बहुतेक खरे आहेत, फक्त ते दोन वेगळ्या जातींचे आहेत आणि लोक ते एकत्र कालवतात. अवयव, विभाजक, पूर्ण वर्ग असणं हे संख्येचे स्वतःचे गुण. ती कुठल्याही पद्धतीत लिहा, ते बदलत नाहीत. उलटसुलट सारखी दिसणं, अंकांची बेरीज हे गुण मात्र आपण दशमान पद्धतीत लिहितो म्हणून दिसतात. या दुसऱ्या जातीचं सगळं एका गोष्टीवर ठरतं: गुणाकार करताना हातचा येतो की नाही. म्हणून सुरुवात हातच्यापासून करू. सोयीसाठी १११११११११ ला 'र' म्हणू आणि तिच्या वर्गाला 'ड'.

'ड' हे अक्षर डेमलोवरून. १, १२१, १२३२१, १२३४३२१ अशा संख्यांना 'अद्भुत डेमलो संख्या' म्हणतात. हे नाव द. रा. कापरेकरांचं. १९०५ साली डहाणूला जन्मलेले आणि देवळालीत शाळामास्तर म्हणून आयुष्य काढलेले कापरेकर जगाला ६१७४ या 'कापरेकर स्थिरांका'मुळे माहीत आहेत. डेमलो संख्यांची कल्पना त्यांना तेव्हाच्या जीआयपी रेल्वेवरच्या, मुंबईपासून ३० मैलांवरच्या डोंबिवली स्टेशनात सुचली आणि नावही त्या स्टेशनावरूनच आलं. निदान डोंबिवलीच्या शाळांमधून तरी ही गोष्ट मुलांना सांगितली जायला हवी.

आता गुणाकार. र ला र ने शाळेतल्या पद्धतीनं गुणा. नऊ ओळी येतात, प्रत्येक ओळीत नऊ एक, आणि प्रत्येक ओळ आधीच्या ओळीपेक्षा एक घर डावीकडे सरकलेली. घरं मोजणं सोपं जावं म्हणून हे शब्दांतच सांगतो: उजवीकडून पहिल्या स्तंभात फक्त पहिल्या ओळीचा १ असतो, दुसऱ्यात दोन ओळींचे, तिसऱ्यात तीन. असं वाढत नवव्या स्तंभात नऊच्या नऊ ओळींचे एक येतात. दहाव्या स्तंभापर्यंत पहिली ओळ संपलेली असते, म्हणून तिथे आठ, मग सात, आणि सतराव्या स्तंभात पुन्हा एक. स्तंभांच्या बेरजा १, २, ३ … ८, ९, ८ … ३, २, १. सर्वांत मोठी बेरीज ९. हातचा कुठेच नाही, म्हणून स्तंभांच्या बेरजा हेच उत्तराचे अंक. उलटसुलट सारखेपणा येतो तो इतक्याच कारणानं.

दहा एक घेतले की मधल्या स्तंभात १० येतात आणि सगळं मोडतं. तिथे ० लिहून १ हातचा; डावीकडच्या ९ चे १० होतात, तिथेही ० आणि १ हातचा; त्याच्या डावीकडच्या ८ चे ९ होतात आणि मग साखळी थांबते. उत्तर येतं १२३४५६७९००९८७६५४३२१. मधले '७९००९' नीट पाहून ठेवा, ते पुढे पुन्हा भेटणार आहेत.

हातचा न येण्याचा दुसरा परिणाम अंकांच्या बेरजेवर होतो. हातचा नसेल तर गुणाकाराच्या अंकांची बेरीज म्हणजे दोन्ही संख्यांच्या अंक-बेरजांचा गुणाकार. र ची अंक-बेरीज ९, म्हणून ड ची ९ × ९ = ८१. प्रत्येक हातचा एका घरातले १० काढून शेजारी १ ठेवतो, म्हणजे बेरजेतून ९ कमी करतो. दहा एकांच्या वर्गात दोन हातचे आले, म्हणून तिथली बेरीज १०० − १८ = ८२. वर लिहिलेल्या संख्येचे अंक मिळवून बघा, ८२ च येतात.

आता ८१ ने ड ला भागा. बाकी उरत नाही:

१२३४५६७८९८७६५४३२१ ÷ ८१ = १५२४१५७८९९७१०४१ = १२३४५६७९ चा वर्ग

स्वतःच्या अंकांच्या बेरजेनं पूर्ण भाग जाणाऱ्या संख्यांना कापरेकरांनीच 'हर्षद' नाव दिलं. ड ही हर्षद तर आहेच, वर भागाकारही पूर्ण वर्ग आहे. नेहमी सांगितली जाणारी ओळ, की ड ला (१+२+…+८+९+८+…+२+१) ने गुणलं तर ९९९९९९९९९ चा वर्ग मिळतो, ती याच ८१ वर उभी आहे: ८१ × र² म्हणजे (९र)². त्यात वेगळं काही नाही.

हे सगळ्याच डेमलो संख्यांना लागू होतं असं मात्र समजू नका. न एकांच्या संख्येचा वर्ग घेतला तर (न नऊपर्यंत) अंक-बेरीज न² असते, आणि भाग जायला न एकांच्या संख्येला न ने भाग जायला लागतो. १ ते ९ पैकी हे फक्त १, ३ आणि ९ ला जमतं. १२१ ला ४ ने भाग जात नाही, १२३४३२१ ला १६ ने जात नाही. १२३२१ ला ९ ने जातो आणि ३७ चा वर्ग १३६९ मिळतो. ९ च्या विभाजकांचं, म्हणजे १, ३, ९ यांचं, हे त्रिकूट आणखी एका ठिकाणी येणार आहे.

अवयव कसे काढायचे? सतरा अंकी संख्या लहान मूळ संख्यांनी एकेक करून भागत बसू नका. आधी वर्गमूळ पूर्ण येतं का ते पाहा. आलं की काम नऊ अंकांवर येतं. मग नऊ एकांना तीन-तीनच्या गटात तोडा:

१११ १११ १११ = १११ × १००१००१

१११ = ३ × ३७. आणि १००१००१ ची अंक-बेरीज ३, म्हणून १००१००१ = ३ × ३३३६६७. म्हणजे र = ३^२ × ३७ × ३३३६६७, आणि वर्ग केला की सगळे घात दुप्पट.

हा तोडा सुचला नाही आणि संगणकाला ड सरळ भागत बसवलं, तर ३ आणि ३७ लगेच निघतात, मागे १११३३३६६६८८९ उरतो आणि पुढचा अवयव सापडायला २८ हजारांहून अधिक मूळ संख्या तपासाव्या लागतात. संगणकाला ते जड नाही. पण उरलेल्या संख्येचं वर्गमूळ आधी बघितलं असतं तर ३३३६६७ एका पायरीत हाती आला असता. अवयव काढताना प्रत्येक भागाकारानंतर 'उरलेला भाग पूर्ण वर्ग आहे का' ही तपासणी जरूर ठेवा.

३३३६६७ मूळ आहे हे कागदावर सिद्ध करता येतं, आणि मला या संख्येतला हा सर्वांत देखणा भाग वाटतो. त्याचं वर्गमूळ ५७७ आणि ५७८ च्या मध्ये आहे, म्हणजे एरवी ५७७ पर्यंतच्या शंभरावर मूळ संख्यांनी भागून बघावं लागलं असतं. पण समजा 'प' ही मूळ संख्या ३३३६६७ ला भागते. मग ती १००१००१ ला भागते, म्हणून ९९९९९९९९९ लाही भागते. म्हणजे १०^९ ला प ने भागलं तर बाकी १. बाकी १ येणारा १० चा सर्वांत लहान घात ९ चा विभाजक असला पाहिजे: १, ३ किंवा ९. तो १ किंवा ३ असेल तर १०^३ ची बाकी १, मग १००१००१ = १ + १०^३ + १०^६ ची बाकी ३, म्हणून प = ३. पण ३३३६६७ ची अंक-बेरीज २८, त्याला ३ ने भाग जात नाही. राहिला ९. फर्माच्या प्रमेयानुसार १०^(प−१) ला प ने भागलं तरी बाकी १ येते, म्हणून प − १ ला ९ ने भाग गेला पाहिजे, आणि प विषम असल्यानं १८ ने. म्हणजे १८ च्या पटीत १ मिळवून होणाऱ्या मूळ संख्याच तपासायच्या:

१९, ३७, ७३, १०९, १२७, १६३, १८१, १९९, २७१, ३०७, ३७९, ३९७, ४३३, ४८७, ५२३, ५४१, ५७७

फक्त सतरा भागाकार. कुठेही भाग जात नाही (१६३ ला बाकी ६, ३७ ला बाकी १, बाकीच्यांची तुम्ही काढा). म्हणून ३३३६६७ मूळ. याच युक्तिवादातून हेही निघतं की ज्याच्या व्यस्ताचं दशांश आवर्तन बरोबर ९ अंकी आहे अशी ही एकमेव मूळ संख्या: १/३३३६६७ = ०.०००००२९९७ ०००००२९९७ …

अवयव मिळाले की विभाजकांचा हिशेब यांत्रिक आहे. विभाजकांची संख्या (४+१)(२+१)(२+१) = ४५; पूर्ण वर्गाची ती नेहमी विषमच असते. संख्या स्वतः धरून सर्व विभाजकांची बेरीज १२१ × १४०७ × १११३३४०००५५७ = १८९५४२७९५९२८२७५७९. ही ड च्या दुपटीपेक्षा, म्हणजे २४६९१३५७९७५३०८६४२ पेक्षा, बरीच कमी, म्हणून ड न्यून संख्या. ड पेक्षा लहान आणि तिच्याशी सहमूळ असलेल्या (म्हणजे १ सोडून सामाईक विभाजक नसलेल्या) संख्या ८००७९८३९९१९९२०१६.

४५ विभाजकांचा एक भूमितीय अर्थ आहे. पूर्णांक बाजूंच्या काटकोन त्रिकोणात र ही काटकोन करणारी एक बाजू असेल, तर कर्णाचा वर्ग वजा दुसऱ्या बाजूचा वर्ग = ड. म्हणजे ड चे दोन असमान विभाजकांत तुकडे करायचे. अशा जोड्या (४५ − १) ÷ २ = २२, म्हणून त्रिकोणही २२. सर्वांत लांबट त्रिकोणाच्या उरलेल्या बाजू ६१७२८३९४९३८२७१६० आणि ६१७२८३९४९३८२७१६१.

र ला कर्ण करायचं ठरवलं तर मात्र एकच त्रिकोण मिळतो. ड च्या तीन मूळ अवयवांपैकी ४ ने भागल्यावर १ बाकी देणारा फक्त ३७ आहे. ३ आणि ३३३६६७ दोघेही ३ बाकी देतात आणि अशा अवयवांचा इथे उपयोग नसतो. ३७ चा त्रिकोण १२, ३५, ३७. तो ३००३००३ पट मोठा केला की:

३६०३६०३६ चा वर्ग + १०५१०५१०५ चा वर्ग = १११११११११ चा वर्ग

हा एक परिणाम सहसा कुणी सांगत नाही, आणि तो अंकांच्या नक्षीइतकाच सुंदर आहे.

आता १२३४५६७९ आणि गायब झालेला ८. १/८१ म्हणजे १/९ × १/९, म्हणजे ०.१११… गुणिले ०.१११…. पुन्हा तेच स्तंभ, फक्त आता ते संपत नाहीत: ०, १, २, ३, … ८, ९, १०, ११, … १० च्या स्तंभातून १ हातचा ९ वर जातो, त्याचे १० होतात, तिथून १ हातचा ८ वर जातो आणि त्याचा ९ होतो. म्हणजे ८ कुठे गेलेला नाही, त्याचाच ९ झालाय. दहा एकांच्या वर्गात '७९' दिसले होते ते याच साखळीमुळे. १/८१ = ०.०१२३४५६७९ ०१२३४५६७९ …, म्हणून ९९९९९९९९९ ÷ ८१ = १२३४५६७९.

यावरून ड चा आणखी एक अवतार मिळतो:

ड = १२३४५६७९ × ९९९९९९९९९ = १२३४५६७९ × १०^९ − १२३४५६७९

म्हणजे डावीकडे १२३४५६७८ आणि उजवीकडचे नऊ अंक ९८७६५४३२१. या दोन तुकड्यांची बेरीज बरोबर ९९९९९९९९९ येते, आणि ती का येते हे वरच्या वजाबाकीतच दिसतं: एका तुकड्यातून १ गेला, दुसरा १०^९ मधून वजा झाला.

८ गायब होण्यात ८ चं काही मोठेपण नाही. अष्टमान पद्धतीत सात एक घ्या. वर्ग १२३४५६७६५४३२१ (अष्टमानातच वाचायचा), अंक-बेरीज ४९, आणि १२३४५६७९ च्या जागी येतो अष्टमानातला १२३४५७. तिथे ६ गायब. त्या वर्गाची दशमानातली किंमत ८९७५५९६५६४९, जिच्यात कसलीही नक्षी नाही. तरी ४९ ने भाग जातो तो जातोच.

ड चा व्यस्त, म्हणजे १/ड, याच धाटणीचा आहे, फक्त एकेका अंकाऐवजी नऊ-नऊ अंकांचे गट धरायचे. १/ड = ८१ ÷ (१०^९ − १)², म्हणून दशांश चिन्हानंतरचे गट ८१ च्या पाढ्यानं जातात:

०.००००००००० ०००००००८१ ००००००१६२ ००००००२४३ ००००००३२४ …

पाढा चालत चालत ९९९९९९८३७ पर्यंत जातो. पुढे ९९९९९९९१८ यायला हवा. पण त्यापुढच्या ९९९९९९९९९ वर त्याच्याही पुढच्या गटातून १ हातचा येतो, त्याचे सगळे शून्य होतात आणि १ मागे जातो, म्हणून ९१८ ऐवजी शेवट ९१९ होतो. मग पुन्हा शून्यांचा गट, पुन्हा ८१. १/८१ मध्ये ८ चा ९ झाला तसंच.

या आवर्तनाची लांबी किती? १०^९ = १ + ९र. याचा क वा घात घेऊन ड ने भागलं तर बाकी १ + ९क×र उरते, कारण पुढच्या सगळ्या पदांत र² आहे. बाकी १ यायची तर ९क ला र ने भाग गेला पाहिजे. र = ९ × १२३४५६७९ असल्यानं सर्वांत लहान क = १२३४५६७९. आवर्तन ९ × १२३४५६७९ = १११११११११ अंकांचं. म्हणजे १/ड चं आवर्तन बरोबर ड च्या वर्गमूळाएवढं लांब. न एकांसाठी हेच गणित केलं तर लांबी वर्गमूळाएवढी येणं पुन्हा १, ३ आणि ९ लाच जमतं: १/१२३२१ चं आवर्तन १११ अंकी, पण १/१२१ चं २२ अंकी.

आता संगणक. एक्सेल १५ अर्थपूर्ण अंकच ठेवतं, म्हणून तिथे १२३४५६७८९८७६५४३०० दिसतं. शेवटचे २१ गेले ते गेलेच. नंतर सेलचं फॉरमॅट बदलून परत येत नाहीत. टाइप करण्याआधी सेल 'टेक्स्ट' करा, किंवा आधी एकेरी अवतरण चिन्ह द्या. अर्थात मग त्यावर नेमकं गणित करता येत नाही.

जावास्क्रिप्टमध्ये साधी संख्या म्हणून लिहिली तर १२३४५६७८९८७६५४३२० मिळतं. तिथल्या दशांश प्रकारात २^५३ = ९००७१९९२५४७४०९९२ च्या पुढे फक्त सम पूर्णांक नेमके बसतात. बिगइंट हा कितीही मोठ्या पूर्णांकांचा प्रकार वापरा. जावामध्ये र हा 'इंट' या ३२ बिटांच्या पूर्णांक प्रकारात आरामात बसतो (मर्यादा २१४७४८३६४७), पण इंट गुणिले इंट केलं की उत्तर १६५३७३२५२९ येतं. एरर नाही, ऋण चिन्हही नाही, म्हणून ही चूक लक्षात येत नाही. ६४ बिटांचा 'लाँग' घेतला की ड बसते, दहा एकांचा वर्गही बसतो. अकरा एकांचा ६४ बिटांतही बसत नाही.

पायथॉनचे पूर्णांक कितीही मोठे चालतात, तिथे धोका वर्गमूळाचा. साध्या दशांश वर्गमूळाला अपूर्णांक भाग उरतो का हे बघून 'पूर्ण वर्ग' ठरवलंत, तर ३१९, ३२०, ३२१ आणि ३२२ ने संपणाऱ्या चार लागोपाठच्या संख्या पूर्ण वर्ग ठरतात, कारण चौघींचं वर्गमूळ गोल होऊन १११११११११.० च येतं. पूर्णांक वर्गमूळ देणारं आयएसक्यूआरटी फंक्शन वापरा आणि मिळालेल्या संख्येचा पूर्णांकातच वर्ग करून ताडून बघा.

बारा अंकी कॅल्क्युलेटरवर पडताळायचं असेल तर र चे ११११ आणि १११११ असे तुकडे करा:

११११ चा वर्ग = १२३४३२१, पुढे दहा शून्यं
२ × ११११ × १११११ = २४६८८६४२, पुढे पाच शून्यं
१११११ चा वर्ग = १२३४५४३२१

तिन्ही एकाखाली एक मांडून हातानं बेरीज केली की १२३४५६७८९८७६५४३२१.

संख्या उतरवून घेताना मधला ९ सुटतो, ही नेहमीची चूक. मग होते १२३४५६७८८७६५४३२१, जी प्रत्यक्षात आठ एक गुणिले नऊ एक आहे. ९ ची कसोटी इथे फसते, कारण ९ सुटल्यानं अंक-बेरीज ७२ होते आणि ९ ने भाग जातोच. ११ ची कसोटी लावा: अंक आळीपाळीनं अधिक-वजा केले तर ड साठी १ येतो, चुकलेल्या संख्येसाठी ०. ३७ साठी उजवीकडून तीन-तीनचे गट मिळवा: ३२१ + ६५४ + ९८७ + ६७८ + ३४५ + १२ = २९९७ = ८१ × ३७.

मोठ्यानं वाचायची तर एकशे तेवीस कोटी पंचेचाळीस लाख सदुसष्ट हजार आठशे अठ्ठ्याण्णव कोटी, शहात्तर लाख चोपन्न हजार तीनशे एकवीस. भास्कराचार्यांच्या अठरा स्थानांत तिचा पहिला अंक सतराव्या, 'मध्य' या स्थानावर पडतो. त्यापुढे फक्त परार्ध.

आणि 'ही संख्या मूळ आहे' असं जे कानावर येतं, ते हिच्या शेजारणीबद्दल असतं: १२३४५६७८९१०९८७६५४३२१. एक ते दहा चढत आणि पुन्हा एकपर्यंत उतरत लिहिलेली ती वीस अंकी संख्या खरोखरच मूळ आहे. पण मधल्या '१०' मुळे ती उलटी वाचली तर सारखी येत नाही, आणि एकांच्या वर्गाशी तिचा काही संबंध नाही.